ताडपत्रीवरचं दंव: दापोलीकडच्या एका कोई तळ्याचं प्रकरण

दापोली तालुक्यात, समुद्रापासून तीन-चार किलोमीटर आत, डोंगरउताराच्या पायथ्याशी एका घराच्या मागीलदारी हे तळं आहे. चिऱ्याचं बांधकाम, आतून सिमेंटचा गिलावा. लांबी ३ मीटर, रुंदी अडीच, खोली १.२, म्हणजे साधारण ९,००० लिटर पाणी. पाणी विहिरीचं. एका कोपऱ्यात पिंपाचा फिल्टर, त्यातून पडणारी छोटी धार, आणि दिवसरात्र चालणारा हवेचा पंप. मालक मुंबईत बँकेत नोकरी करून निवृत्तीनंतर गावी आलेले. सगळे त्यांना तात्या म्हणतात, मीही तेच म्हणतो. तळ्यात ११ कोई, म्हणजे रंगीत जपानी कार्प मासे, होते: फूट-सव्वा फुटाचे आठ आणि वीतभर लांबीचे तीन.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात तात्यांचा फोन आला. "मासे थंडीने आकडलेत. दोन गेले. लवकर या."

मी पोचलो तेव्हा दुपारचा एक वाजला होता. तिसरा छोटा मासाही तोवर गेला होता. उरलेल्यांपैकी दोन कुशीवर पडून कल्ले भराभर हलवत होते. पांढऱ्या अंगावर लाल पट्टे असलेला एक कोहाकू मधूनच बाणासारखा सुटायचा, भिंतीवर आपटायचा आणि गिरक्या घेत तळाशी जायचा. त्याच्या छातीचे पर थरथरत होते. थंडीने गारठलेला कार्प असा वागत नाही. तो मंदावतो, तळाशी बसून राहतो, कल्ल्यांची हालचाल संथ होते. इथे उलट होतं, मज्जासंस्थेला कुणीतरी चाबूक मारत असल्यासारखं.

पाण्याचं तापमान तेव्हा होतं २२ अंश.

थंडीवर संशय का गेला

संशय अगदीच हवेतून आला नव्हता. डिसेंबरच्या सुरुवातीला मासे दोन दिवस सुस्त झाले होते, खाणं सोडलं होतं, भिंतीला अंग घासत होते. त्याच सुमारास पहाटे गारवा पडायला लागला होता. तात्यांनी रात्रभर जागून व्हिडिओ पाहिले आणि त्यात सांगितलेलं सगळं केलं: खाणं पूर्ण बंद, संध्याकाळी तळ्यावर ताडपत्री, आणि पाणी तापवायला बादलीत टाकतात तसला दीड किलोवॅटचा रॉड. रॉडबद्दल आधी सांगून टाकतो. ९,००० लिटर पाणी एक अंशाने तापवायला ९,००० किलोकॅलरी लागतात. हा रॉड तासाला जेमतेम १,३०० देतो. म्हणजे सात तास, साडेदहा युनिट वीज, आणि मिळणार एक अंश. तोही वरून उष्णता अजिबात निसटली नाही तर. शिवाय ज्या पाण्यात आपण हात घालतो त्यात उघडा रॉड सोडणं हा सरळ जिवाशी खेळ. काकूंनी तो दुसऱ्याच दिवशी काढायला लावला होता, ते बरं केलं.

व्हिडिओतले सल्ले खोटे नव्हते, दुसऱ्या मुलुखाचे होते. रंगीत कोईची पैदास जपानात निगाता प्रांतातल्या डोंगराळ गावांत सुरू झाली. तिथे हिवाळ्यात पुरुषभर बर्फ पडतं. शरद ऋतूत मातीची तळी उपसून मासे आत, शेडमधल्या टाक्यांत आणतात. इंग्लंड-अमेरिकेत मासे बाहेरच ठेवणारे लोक तळं खोल ठेवतात, कारण पाणी ४ अंशांना सर्वांत जड असतं. वर बर्फाचा थर धरला तरी तळाशी ते ४ अंशांचं पाणी टिकतं. तिथे १० अंशांखाली कार्पचं पचन जवळजवळ थांबतं, म्हणून खाणं बंद करणं योग्यच. पोटात न पचलेलं राहिलं तर सडतं.

दापोलीला आपण कौतुकाने मिनी महाबळेश्वर म्हणतो, पण बर्फाचा इथे प्रश्न नाही. तात्यांचा बँकेतला स्वभाव इथे कामी आला. त्यांनी कमाल-किमान थर्मामीटर लावला होता आणि रोज सकाळी हवेचं आणि पाण्याचं तापमान वहीत लिहिलं होतं. सगळ्यात थंड रात्र होती डिसेंबरच्या अखेरीची: हवा ११.५ अंश, आणि त्या सकाळी तळ्याचं पाणी १८.५. त्या दिवसापुढे तात्यांनीच लिहिलं होतं, "मासे ठीक." मासे मेले त्या सकाळी हवा १५.५ होती आणि पाणी २०. डिसेंबरच्या सुस्तीच्या दिवशी तर किमान तापमान १७ होतं. वहीच सांगत होती की थंडीचा आणि या दोन प्रसंगांचा मेळ बसत नाही.

मेळ दुसऱ्या कशाशी तरी बसायला हवा होता.

काय नव्हतं

आधी पाणी तपासलं. अमोनिया लिटरला ०.२५ मिलिग्रॅमच्या आत, नायट्राइट शून्य. विरघळलेला ऑक्सिजन लिटरला साडेसात मिलिग्रॅम. २२ अंशांना पाण्यात जास्तीत जास्त पावणेनऊच्या आसपास मावतो, म्हणजे गुदमरण्याचं कारण नाही. सामू (पीएच) ६.८. कार्बोनेट कठीणता, म्हणजे सामू धरून ठेवणारे पाण्यातले क्षार, मात्र फक्त २ अंश (कठीणतेचे, तापमानाचे नव्हे) निघाली, आणि ती खरंच काळजीची गोष्ट आहे. तिच्याकडे नंतर येतो. पण तिच्यामुळे मासे गिरक्या घेत नाहीत.

एका माशाचा कल्ला आणि कातडीचा चिकटा मायक्रोस्कोपखाली पाहिला. परजीवी नाहीत, कल्ल्यांवर कुजल्याचे डाग नाहीत. कोई हर्पीस विषाणूचा विचार केला, कारण त्याचं आवडतं तापमान १८ ते २८ अंश, म्हणजे नेमका आपला कोकणी हिवाळा. पण तो रोग काही दिवस घेतो: डोळे खोल जातात, कल्ले पांढरट होऊन झडतात, आणि बहुतेकदा तळ्यात नुकताच नवा मासा आलेला असतो. तात्यांनी वर्षभरात नवीन मासा आणलेला नव्हता. आणि इथे सकाळी साडेनऊपर्यंत धडधाकट असलेले मासे साडेदहाला उलटे झाले होते. एका तासात सगळ्या तळ्याला एकदम होतं, ते बहुतेक वेळा विष असतं.

मग मी मासे सोडून बाकीचं तळं बघायला लागलो. एरवी त्या पाण्यावर लांब पायांचे किडे धावत असतात. त्या दिवशी एकही नव्हता. कडेच्या शेवाळात चतुराच्या अळ्या सापडल्या, सगळ्या मेलेल्या. फिल्टरच्या तोंडाशी नखाएवढे दोन झिंगे गुलाबी पडून अडकले होते. किडे आणि झिंगे आधी मरतात आणि मासे नंतर, तेव्हा डोळ्यासमोर एकच गट येतो: कीटकनाशकं, त्यातही सिंथेटिक पायरेथ्रॉइड, म्हणजे मज्जासंस्थेवर घाला घालणारी कृत्रिम औषधं.

वर बघितलं तर उतारावर हापूसची बाग.

मोहोराचा हंगाम

बाग तात्यांच्या चुलतभावाची, अण्णांची. झाडं जुनी, तीस-चाळीस फुटी. कोकणात पालवी आणि मोहोर फुटायला लागला की तुडतुडे आणि भुरी येतात आणि फवारण्यांचं चक्र सुरू होतं. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं वेळापत्रक बागायतदारांना तोंडपाठ असतं: पहिल्या फवारणीत डेल्टामेथ्रिन, बोंगे फुटताना लॅम्डा सायहॅलोथ्रिन, पुढे इतर औषधं, सोबत भुरीसाठी गंधक किंवा दुसरं बुरशीनाशक. पहिली दोन पायरेथ्रॉइड. माणसाच्या आणि गुरांच्या शरीरात ती बऱ्यापैकी लवकर मोडतात, माशाला ते जमत नाही. त्यात आणखी एक मेख आहे: पाणी जितकं थंड तितकी ही औषधं जास्त घातक. मे महिन्यात एखादा मासा निभावून नेईल तेवढ्या मात्रेत जानेवारीत तो निभावेलच असं नाही. थंडीचा दोष असलाच तर एवढाच.

अण्णांच्या वहीतही तारखा होत्या (दोघे भाऊ वहीचे पक्के). पहिली फवारणी डिसेंबरच्या सुरुवातीला: मासे सुस्त झाले त्याच्या आदल्या दिवशी. दुसरी, लॅम्डा सायहॅलोथ्रिन आणि गंधक, मासे मेले त्या सकाळी. सात वाजता एचटीपी पंप (जास्त दाबाने फवारणारा) सुरू, नऊपर्यंत तळ्याकडची झाडं उरकली होती.

सकाळी फवारायचं कारण चांगलंच आहे: वारा पडलेला असतो. पण पूर्ण पडलेला नसतो. रात्रभर गार झालेल्या जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा वाहत असतो, हळूच, गालाला जेमतेम कळेल एवढा. डोंगरउतारावरून गार हवाही खालीच सरकते. चाळीस फुटांवरच्या शेंड्यांना गनने मारलेल्या फवाऱ्यातले बारीक थेंब या हवेबरोबर खाली येतात, आणि खाली तात्यांचं मागीलदार आहे.

इथवर हिशेब जुळला तरी एक प्रश्न उरत होता. डिसेंबरात मासे नुसते सुस्त झाले आणि जानेवारीत मेले, हे कसं? झाडं तीच, वारा तोच.

फरक ताडपत्रीचा होता. पहिल्या फवारणीच्या वेळी ती नव्हती. तळ्याच्या साडेसात चौरस मीटर पृष्ठभागावर जे पडलं तेवढंच पाण्यात गेलं. नंतर आली ती ताडपत्री ५ बाय ४ मीटरची, म्हणजे वीस चौरस मीटर, चारी बाजूंनी दगड ठेवून मधोमध झोळ पडलेली. जानेवारीच्या निरभ्र रात्री तिच्यावर दंव मरणाचं पडतं. सकाळी सात ते नऊ फवारा तिच्यावर उतरला, दंवात मिसळला, झोळात जमला. साडेनऊला तात्यांनी रोजच्याप्रमाणे एक कड उचलली आणि झोळातलं पाणी तळ्यात ओतलं. "चांगलं दंवाचं पाणी, वाया कशाला घालवायचं?" नीट पन्हळ देऊन बाहेर काढलं असतं तर याच ताडपत्रीने मासे वाचवले असते.

ताडपत्री पडवीत वाळत घातली होती. निळ्या प्लास्टिकवर वाळलेल्या थेंबांचे पिवळट-पांढरे ठिपके स्पष्ट दिसत होते, मधोमध दाट, कडेला विरळ. बोटाने घासले तर गंधकाची भुकटी हाताला लागत होती. कीटकनाशक डोळ्यांना दिसत नाही, पण सोबतच्या गंधकाने आपली जागा दाखवून दिली.

मात्रेचा अंदाज घेऊ. अण्णांनी ५ टक्क्यांचं औषध १० लिटरला ६ मिली घेतलं होतं. म्हणजे फवाऱ्याच्या एका लिटरमध्ये ३० मिलिग्रॅम मूळ विष. ताडपत्रीवर एकूण दीडशे मिली फवारा, चहाचा एक कप, एवढाच उतरला असं धरलं तरी साडेचार मिलिग्रॅम होतात. ९,००० लिटरमध्ये ते पसरले की लिटरला अर्धा मायक्रोग्रॅम. हे औषध अनेक जातींच्या माशांना लिटरला एक मायक्रोग्रॅमच्याही खाली मारतं. बाग भिजवायला शेकडो लिटर लागतात, त्यातला एक कप.

पाण्याची प्रयोगशाळेत तपासणी केली नाही. तेवढा वेळ नव्हता, आणि निकाल काहीही आला तरी करायचं तेच होतं. एक गावठी चाचणी मात्र केली. अंगणातल्या करवंट्यांमध्ये डासांच्या अळ्या होत्या. दोन कापलेल्या बाटल्या घेतल्या, एकीत विहिरीचं पाणी, दुसरीत ताडपत्रीचा तुकडा धुतलेलं पाणी, दोन्हींत अळ्या सोडल्या. तासाभरात दुसरीतल्या सगळ्या तळाशी निपचित. पहिलीतल्या वळवळत होत्या. तात्या बराच वेळ त्या बाटलीकडे बघत बसले.

काय केलं

या विषाला उतारा नाही. मासा विषातून बाहेर काढायचा आणि त्याच्या शरीराला वेळ द्यायचा. वर हजार लिटरची प्लास्टिकची टाकी होती, ती विहिरीच्या पाण्याने भरली. इथे घाई करून चालत नाही: जांभ्यातल्या विहिरीचं ताजं पाणी कार्बन डायऑक्साइडने भरलेलं आणि ऑक्सिजनला कमी असतं. ते उंचावरून धारेने पाडलं, हवेचे दोन दगड लावले, आणि तापमान जुळल्यावर मासे हलवले. पायरेथ्रॉइडने कल्ल्यांमधून क्षारांचा तोल सांभाळण्याची यंत्रणा बिघडते, म्हणून लिटरला ३ ग्रॅम खडेमीठ, म्हणजे टाकीला ३ किलो. फिल्टरच्या वाटेवर विष शोषून घेणाऱ्या ॲक्टिव्हेटेड कार्बनची पिशवी. वर गोणपाट टाकून अंधार. खाणं नाही.

रात्री एक मोठा मासा गेला. उरले सात. तिसऱ्या दिवशी ते सरळ पोहत होते, एक कोहाकू सोडून. तो आजही जरा डावीकडे कलून पोहतो.

तळ्यातलं पाणी माडांच्या आळ्यांत सोडलं. घरामागे पऱ्या वाहतो आणि तिकडे पाणी सोडणं सोपं होतं, पण मग खालच्या वाडीपर्यंतचे झिंगे, खेकडे, मळवे सगळे गेले असते. मातीत मात्र ही औषधं घट्ट चिकटून बसतात आणि हळूहळू मोडतात. त्याच कारणाने तळ्यातला गाळ पूर्ण काढला. नुसतं पाणी बदलून गाळ ठेवला असता तर विषाचा साठा तळाशीच राहिला असता. फिल्टरमधला स्पंज फेकला, प्लास्टिकचे तुकडे धुऊन परत घातले.

मधल्या काळात तात्यांनी एका दुकानात विचारलं होतं आणि दुकानदाराने, मासे अंग घासत होते एवढं ऐकून, माशांच्या अंगावरच्या उवांचं औषध दिलं होतं. बाटली खिडकीत तशीच होती, सुदैवाने न उघडलेली. घटक वाचला: सायपरमेथ्रिन. त्याच घराण्यातलं. माशांच्या उवांवर ते वापरतात हे खरं, पण विषबाधा झालेल्या तळ्यात ते ओतणं म्हणजे उरलेल्यांचाही निकाल. बाटलीमागचा घटक वाचल्याशिवाय तळ्यात काही घालू नये, हे मी आता येईल त्याला सांगतो.

नवीन पाणी भरलं तेव्हा ती कार्बोनेट कठीणता पुन्हा समोर आली. जांभ्यात चुना जवळजवळ नसतोच, त्यात दापोलीचा पाऊस. ऑक्टोबरपर्यंत तळ्याचं पाणी जवळजवळ पावसाच्या पाण्याइतकं मऊ झालेलं असतं. अशा पाण्याला सामू धरून ठेवता येत नाही. फिल्टरमधले जिवाणू अमोनिया मोडताना कठीणता खातात, आणि ती संपली की सामू एका रात्रीत कोसळतो. २ अंशांवरून ५ वर न्यायचं ठरवलं. हजार लिटरला एक अंश वाढवायला सुमारे ३० ग्रॅम खायचा सोडा लागतो, म्हणजे या तळ्याला ८१० ग्रॅम. तीन दिवसांत वाटून घातला. पुढच्यासाठी कालवांचे आणि तिसऱ्यांचे शिंपले धुऊन, कुटून, जाळीच्या पिशवीत फिल्टरमध्ये टाकले. पाणी आम्ल व्हायला लागलं की ते आपोआप थोडे विरघळतात. हर्णैच्या बाजारात शिंपले फुकट मिळतात, दुकानातला कोरल चुरा घ्यायची गरज नाही.

खाणं सुरू करायला तात्या तयार नव्हते. "हिवाळ्यात देऊ नये म्हणतात." पण २० अंशांच्या पाण्यात कार्पचं शरीर चालूच असतं, महिनाभर उपाशी ठेवलेले हे मासे पाठीकडून बारीक दिसायला लागले होते. कोकणात कोईला हिवाळी उपास नाही. फक्त वेळ बदलावी: सकाळऐवजी दुपारी एक-दोन वाजता, पाणी सगळ्यात उबदार असताना, एकदाच, पाच मिनिटांत संपेल तेवढं. पाणी १८ च्या खाली दिसलं तर त्या दिवशी निम्मं. फिल्टर नव्याने बसत असल्यामुळे पहिले तीन आठवडे आणखी हात आखडता, आणि एक दिवसाआड अमोनिया तपासायचा.

अण्णा

सगळ्यात नाजूक भाग हा होता. दोन घरांत हद्दीच्या गडग्यावरून आधीच थोडी धुसफूस होती, आणि आता मासे मेलेले. तात्यांनी गडग्यापलीकडून काही बोलण्याआधी मीच ताडपत्रीचा तुकडा घेऊन वर गेलो.

अण्णांनी ठिपके पाहिले. "गंधक आहे," म्हणाले. मग जरा थांबून, "म्हणून काय, माशांसाठी मोहोर तुडतुड्यांना देऊ?"

रास्त प्रश्न होता. वर्षाचं उत्पन्न त्या दोन महिन्यांवर. फवारणी थांबवा असं म्हणायला मी गेलोच नव्हतो. मागितलं एवढंच: आदल्या संध्याकाळी एक फोन, तळ्याकडच्या चार झाडांना गन वरून खाली न मारता झाडाच्या आतल्या बाजूला वळवून, आणि पंप-पिंप विहिरीच्या कट्ट्यावर धुवायचं नाही. तिसरी गोष्ट त्यांनी लगेच मानली, कारण विहीर दोघांची आहे आणि पाणी त्यांच्याही घरात जातं.

तात्यांच्या बाजूने ताडपत्री परत आली, पण तिचं काम बदललं. रात्रीच्या गारव्यासाठी ती घालायची नाही. फोन आला की आदल्या रात्री घालायची, बांबूच्या आड्यावर ताणून, दोन्हीकडे उतार देऊन, कडा तळ्याच्या काठापलीकडे हातभर. त्या सकाळी धार बंद, हवेचा पंप चालू. फवारणी संपल्यावर दोन तासांनी दोघांनी मिळून बाहेरच्या बाजूला गुंडाळायची आणि माडाच्या आळ्यात धुवायची. पुढची फवारणी फेब्रुवारीच्या सुरुवातीला झाली, वेगळ्या गटातल्या औषधाची, जे माशांना तुलनेने सौम्य असलं तरी किड्यांना आणि झिंग्यांना नाही. ताडपत्री होती. मासे दुपारी खायला वर आले.

चार माशांची जागा लगेच भरायची तात्यांची इच्छा आहे. मी मार्च संपेपर्यंत थांबायला सांगितलं. तोवर पायरेथ्रॉइडची एखादी जादा फवारणी होऊ शकते, आणि तळ्याचं पाणी अजून हर्पीस विषाणूच्या आवडत्या तापमानाच्या पट्ट्यात आहे. नवे मासे आले की तीच हजार लिटरची टाकी, वेगळं जाळं, वेगळी बादली, चार आठवडे. काकूंना टाकी पावसाआधी कोकमासाठी परत हवी आहे, तेव्हा तारीख त्याच ठरवतील.